डीपीडीपी नियम: ४०० सभासदांची माहिती ठेवणाऱ्या शेतकरी कंपनीने आत्ता काय करायचं?

पिंपळगावकर
निफाड तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी, ४०० द्राक्ष बागाईतदार सभासद. आधारची झेरॉक्स, सातबारा, पासबुक कपाटातल्या फायलीत. त्यांचेच फोटो ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, शिवाय एक एक्सेल. ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षबागांची ऑनलाइन व्यवस्था) प्लॉट नोंदणी, खतवाटप आणि निर्यातदाराला द्यायची यादी, सगळं त्याच एक्सेलवर चालतं. एक सल्लागार म्हणतो डीपीडीपीचे, म्हणजे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे (२०२३) नियम लागू झाले, सगळ्यांची संमतीपत्रं नव्याने घ्या. दुसरा म्हणतो २०२७ पर्यंत निवांत राहा. खरं काय धरायचं? आणि या नियमांच्या मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, त्यांचं झालं काय?

कलम_बघा
दोघेही अर्धे बरोबर. नियमांची अधिसूचना १३ नोव्हेंबर २०२५ ची, पण अंमल तीन टप्प्यांत. तक्रारी ऐकून दंड ठरवणारं डेटा संरक्षण मंडळ वगैरे यंत्रणेचे नियम लगेच. संमती व्यवस्थापकांच्या, म्हणजे लोकांच्या वतीने संमती देण्या-काढण्याची सोय करणाऱ्या संस्थांच्या, नोंदणीचा नियम एक वर्षाने. तुमच्या कामाचं जे आहे, म्हणजे सूचना, सुरक्षा, माहितीफुटीची खबर, सभासदांचे हक्क, ते १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यावर.

नव्या संमतीपत्रांचं म्हणाल तर कायद्याचं कलम ५(२) वाचा. कायदा लागू होण्याआधी घेतलेल्या संमतीसाठी पुन्हा सही लागत नाही. शक्य तितक्या लवकर सूचना द्यायची, आणि सभासद संमती मागे घेत नाही तोवर काम चालू ठेवता येतं. अडचण वेगळीच आहे: मुळात संमती घेतली होती का? सभासदत्वाच्या अर्जावर 'वरील माहिती खरी आहे' एवढंच छापलेलं असेल तर ती संमती नव्हे. वाद झाला तर पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो. त्यामुळे आधी जुना अर्ज काढून बघा.

एक्सेलवाला_सिडको
सूचनेत काय हवं ते नियम ३ मध्ये आहे. ती इतर कागदपत्रांत न मिसळता स्वतंत्रपणे कळावी. कोणती माहिती घेता ते एकेक करून लिहायचं, आणि कशासाठी तेही. 'कंपनीच्या कामकाजासाठी' लिहून भागत नाही. 'गट नंबर आणि क्षेत्र: ग्रेपनेट प्लॉट नोंदणीसाठी', 'बँक खाते: मालाचे पैसे जमा करण्यासाठी' असं हवं. संमती मागे कशी घ्यायची, मंडळाकडे तक्रार कशी करायची, हेही त्यातच. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेचा पर्याय द्यावा लागतो, म्हणून सरळ मराठीतच करा. इंग्रजी नमुना उचलून खाली सही घेतली तर ती कुणाला कळली म्हणायची?

खतवाटपाला आधार कशाला लागतो हे एकदा स्वतःला विचारा. ओळख पटवायलाच हवी असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. एक्सेलमधला बारा अंकी रकाना निम्म्या ठिकाणी सवयीने भरलेला असतो.

पिंपळगावकर
कपाटातल्या फायलींचं काय? त्याही यात येतात?

कलम_बघा
नुसता कागद या कायद्यात येत नाही. कागदाचं डिजिटल रूप झालं की येतो. म्हणजे फाईल बाहेर, पण तिचा व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो आत. तुमची खरी जोखीम तो ग्रुपच आहे. फोटो प्रत्येकाच्या गॅलरीत उतरतात, काम सोडून गेलेल्याच्या फोनमध्येही राहतात, आणि कुणी काय पाहिलं याची नोंद कुठेच नसते. नियम ६ नेमकं हेच मागतो: कोण उघडू शकतो यावर ताबा, त्याच्या नोंदी, बॅकअप. नोंदी एक वर्ष जपायच्या. मे २०२७ ची वाट न पाहता ग्रुपवर कागद टाकणं आजच थांबवा.

माहिती फुटली तर बाधित सभासदांना आणि मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांत तपशीलवार अहवाल. 'थोडीच माहिती गेली' म्हणून सूट नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड गावच्या कंपनीला होईल असं नव्हे, मंडळ गांभीर्य बघून ठरवतं.

मसुदावाचक
हरकतींबद्दल. मसुदा ३ जानेवारी २०२५ ला आला. मुदत १८ फेब्रुवारी होती, ती ५ मार्चपर्यंत वाढली. मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर नियमवार सूचना मागवल्या होत्या आणि सरकारच्या सांगण्यानुसार ६,९१५ आल्या. त्या उघड केल्या जाणार नाहीत, नावं वगळून एकत्रित सारांश देऊ, असं मसुद्यासोबतच म्हटलं होतं. मला हे पटत नाही. कुणी काय मागितलं हे दिसलं नाही, तर कुणाचं ऐकलं हे कसं कळणार?

बदल मात्र झाले. मसुद्यात २२ नियम होते, अंतिम २३ आहेत. सभासदाच्या तक्रारीला उत्तर द्यायला ९० दिवसांची कमाल मर्यादा आली. माहिती आणि नोंदी किमान एक वर्ष जपण्याची सरसकट अट नियम ८(३) मध्ये आली, ती मसुद्यात अशी नव्हती. म्हणजे तिच्यावर कुणाला हरकत घ्यायला वावच मिळाला नाही.

पुढच्या वेळी लिहायचं तर नियमाचा क्रमांक, त्यातले खटकणारे शब्द आणि तुमचा पर्यायी मजकूर, एवढंच द्या. 'शेतकऱ्यांना त्रास होईल' हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. २०१४ च्या केंद्राच्या विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस खुला हवा.

पिंपळगावकर
शेवटचं. राजीनामा दिलेला सभासद 'माझं सगळं पुसा' म्हणाला तर? आणि निर्यातदाराच्या यादीचं?

एक्सेलवाला_सिडको
सगळं पुसता येणार नाही. कंपनी कायद्यानुसार सभासद नोंदवही कायम जपायची आणि हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं. त्यापलीकडचं, म्हणजे आधारचा फोटो, घरच्यांचे नंबर, वर्षाची अट संपली की काढा आणि त्याला तसं लेखी कळवा.

निर्यातदाराला पूर्ण एक्सेल पाठवू नका. प्लॉटचा नोंदणी क्रमांक, क्षेत्र, वाण आणि छाटणीची तारीख एवढ्यावर त्याचं भागतं. पासबुकाचा रकाना त्या शीटमध्ये नकोच.