खेळातून पोरांना आयुष्याचे धडे मिळतात हे नक्की ठरवलं कोणी?

गोरेगाव_पूर्व (धागा सुरू करणारा)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका अ‍ॅकॅडमीची जाहिरात आलीय, तीन महिन्यांत मुलांमध्ये शिस्त, टीम स्पिरिट आणि लीडरशिप. आता याच सोसायटीत पोडियमवर "बॉल खेळण्यास सक्त मनाई" असा बोर्ड आहे आणि बॉल जप्त करायची ड्युटी वॉचमनकडे. म्हणजे खाली फुकटात खेळायचं नाही, बाहेर फी भरून टीम स्पिरिट विकत आणायचं.

माझं म्हणणं, खेळ स्वतःहून काहीही शिकवत नाही. बाजूला उभी असलेली मोठी माणसं जे करतात तेच पोरं उचलतात. आझाद मैदानात अंडर-१४ ची मॅच बघा एकदा, बॉल लेग स्टंपच्या चांगला बाहेर पॅडला लागलेला असतो तरी बोलरपासून स्लिपपर्यंत सगळे घसा फाडून ओरडतात, कारण सरांनी सांगितलेलं असतं अपील सोडायची नाही, आणि बॅटिंगला गेलात की कड लागली तरी हलायचं नाही, अंपायर बघून घेईल. बीसीसीआयला अंडर-१६ साठी हाडांची टेस्ट घ्यावी लागते ती कशासाठी? वय चोरतात म्हणून. आणि वय पोरगा चोरत नाही, घरचे चोरतात. त्याला पहिला धडा हाच की जन्मतारीख अ‍ॅडजस्ट होते.

लालबागचा_रेडर
हे तुमचं क्रिकेटवाल्यांचं रडगाणं झालं भाऊ. खेळ म्हणजे फक्त क्रिकेट नाही.

कबड्डी घ्या. आऊट झालात की बाहेर जाऊन बसायचं, आणि तुमच्या टीमने समोरचा गडी मारला तरच तुम्ही जिवंत. म्हणजे तुमचं आत येणं दुसऱ्याच्या हातात. आता बोनस. समोर सहा किंवा सात जण असताना बोनस लाइन ओलांडली की पॉइंट मिळतो पण बाहेर बसलेला कोणी उठत नाही त्याने. आमच्या मंडळात एक चलाख पोरगा होता, दर चढाईला बोनस मारून परत, स्वतःचे पॉइंट एकदम मस्त आणि बाहेर तिघं मांडी घालून बसलेले. शेवटी त्या तिघांनीच त्याला धरला, अरे आम्हाला उठव की, तुझ्या बोनसचं काय लोणचं घालू? पुढच्या मॅचपासून गडी टिपायला लागला. कोणी भाषण दिलं नाही, कोचही गप्प होता. नियमच असा आहे की एकटा शाणा जास्त वेळ टिकत नाही.

शून्य_अपेक्षा
छान. पण तोच पोरगा उद्या ऑफिसात दुसऱ्याचं क्रेडिट खाणार नाही याची गॅरंटी कोण घेतो? मैदानावर शिकलेलं बहुतेक वेळा मैदानावरच राहतं. मैदानात सोन्यासारखी आणि घरी बायकोशी धड न बोलणारी माणसं मी पाहिलीत.

खडूस_ओपनर
गॅरंटी तर शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाची पण नाही, मग तो पण बंद करा.

मुंबई क्रिकेटला नावं ठेवण्याआधी कांगा लीग काय होती ते विचारा कोणाला तरी. १९४८ ला सुरू झाली तीच पावसात खेळायची स्पर्धा म्हणून, विकेट ओली, आऊटफिल्डला एवढं गवत की जमिनीवरून मारलेला बॉल बाऊंड्रीला पोचतच नाही. तिथे वीस रन म्हणजे इतर वेळच्या सेंच्युरीला भारी. टेक्निक, पेशन्स, नशीब सगळं एका दुपारी कळतं.

आणि अमोल मुझुमदार विसरलात का? १९८८ ला आझाद मैदानात सचिन-कांबळीची ६६४ ची पार्टनरशिप चालू होती तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला तो. पुढे रणजी पदार्पणात २६०, फर्स्ट क्लासमध्ये ११ हजारांवर रन, आणि इंडियाची कॅप एकदाही नाही. तोच माणूस कोच असताना २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला. चिकाटी अजून कशी शिकवायची सांगा.

शून्य_अपेक्षा
@खडूस_ओपनर तुम्ही माझीच केस मांडलीत. मेहनत केली की फळ मिळतं असं आपण पोरांना सांगतो ना? त्या माणसाने ११ हजार रन केल्या आणि फळ मिळालं नाही, म्हणजे सिलेक्शन, टायमिंग, त्या जागेवर आधीच कोण बसलंय, हे सगळं मेहनतीपेक्षा मोठं निघालं. कोच म्हणून कप आला म्हणून आज गोष्ट गोड वाटते. नसता आला तर हा धडा तुम्ही कोणाला सांगितला असता?

दुसरं, २०१६ ला कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या, सगळ्यांनी डोक्यावर घेतला. टीमचा स्कोअर तीन बाद १४६५, मग डिक्लेअर. समोरची शाळा ३१ आणि ५२ ला ऑल आऊट. त्या पोरांनी काय शिकायचं होतं? त्यांचा विचार कोणी केला? १४६५ पर्यंत डाव चालू ठेवायचा हे मोठ्यांनीच ठरवलं ना. इथे मी धागाकर्त्याबरोबर आहे.

डावा_कोपरा
सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. आठ वर्षं कबड्डी खेळले, कोपऱ्याला. धडे बिडे माहीत नाही, मला खेळाने रात्री साडेआठला मैदानावर असायची परवानगी मिळवून दिली. आधी घरात सात म्हणजे सात. मॅच आहे म्हटल्यावर बाबा स्वतः बस स्टॉपवर यायला लागले, नंतर तेही बंद झालं, एकटी यायचे. अंगाला अंग लागतं, गुडघे फुटतात, कोणीतरी पाय धरून खेचतं आणि आपण उठून परत लाइनीवर उभ्या राहतो, यात लाजण्यासारखं काही नाही हे अंगात मुरलं. याला तुम्ही धडा म्हणा नाहीतर अजून काही.

आणि आपल्या जेमिमा रॉड्रिग्जचं बघा की. वर्ल्ड कपमध्येच इंग्लंडविरुद्ध टीमबाहेर बसवली होती तिला, सेमी फायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३८ चेस करताना नाबाद १२७.

गोरेगाव_पूर्व
@डावा_कोपरा तुमचं शंभर टक्के मान्य, पण ते तुम्हाला खेळायला मिळालं म्हणून मिळालं, कोणी शिकवायला बसलं म्हणून नाही. मी तेच म्हणतोय. गल्लीत अंपायर नसतो. एक टप्पा आऊट की नाही, ट्राय बॉल कितीचे, माणूस कमी पडला तर कॉमन कोण, लहान भाऊ कच्चा लिंबू धरायचा का, सगळं पोरांनीच भांडून ठरवायचं. जास्त रडलास तर रडीचा डाव खडी, आणि जास्त दादागिरी केलीस तर उद्या कोणी खेळायला बोलवत नाही. अ‍ॅकॅडमीत हे सगळं सर ठरवतात. पोरगा फक्त लाइनीत उभा राहतो, व्हाइट किट घालून.

लालबागचा_रेडर
गल्लीत दादागिरी करणाऱ्याचीच बॅट असायची हो. त्याला कोण काढणार? जाड्या पोरांना कायम कीपर कोण करायचं? गल्लीचे एवढे गोडवे गाऊ नका.

आई_मैदानावर
मुलाला शनिवारी शिवाजी पार्कला घेऊन जाते, म्हणून दोन शब्द. आमच्याकडचे सर चांगले आहेत, हरल्यावर पण समोरच्या टीमशी हात मिळवल्याशिवाय पाणी प्यायला सोडत नाहीत. प्रॉब्लेम आमचा पालकांचा आहे. ट्रेनमध्ये बसल्यापासून अंधेरीपर्यंत एक बाबा मुलाला तो एकच शॉट ऐकवत होते, तो का मारलास, मी सांगितलं होतं ना, आणि तो किटबॅग मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होता. दादरला मॅच संपली होती, यांची चालूच.

दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आठवीत खेळात घालणारे पण खूप आहेत. ट्रायलला पहिला प्रश्न, सर्टिफिकेट कुठल्या लेव्हलचं मिळेल?

शून्य_अपेक्षा
सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे तर प्रश्न येणारच. त्यात बोगस सर्टिफिकेटवाले पण घुसले, चौकश्या झाल्या. हाही खेळातूनच मिळालेला धडा म्हणायचा का?

खडूस_ओपनर
मार्कांसाठी आला तर येऊ दे हो, काय बिघडतं? दोन पावसाळे ओल्या विकेटवर उभा राहिला तर अर्धे मार्क विसरेल आणि उरलेले अर्धे घेऊन घरी जाईल. मला दोन्ही चालतं, सकाळी साडेसहाला नेट बांधायला आला पाहिजे फक्त.