मदत हवी आहे: सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून गव्हाच्या पानातल्या हरितद्रव्याचं प्रमाण काढताना पर्णक्षेत्राचा (ठरावीक जमिनीवर पानांचं एकूण क्षेत्र किती, याचा) प्रभाव वेगळा कसा करायचा?

एनडीव्हीआय (हिरवेपणाचा नेहमीचा निर्देशांक) दाट पिकात लवकर सपाट होतो, म्हणजे पुढे वाढतच नाही; म्हणून रेड-एज (लाल आणि अवरक्त यांमधला प्रकाश) निर्देशांक घेतला आहे: सीआय (हरितद्रव्य निर्देशांक) = (बी७ ÷ बी५) − १, म्हणजे ७८३ आणि ७०५ नॅनोमीटरचे पट्टे. लेव्हल-२ए (वातावरणाचा परिणाम काढलेल्या) प्रतिमा, ढग व सावलीचे पिक्सेल एससीएल थराने (प्रत्येक पिक्सेलचा प्रकार सांगणारा थर) वगळलेले. २५ जानेवारी २०२२ नंतरच्या प्रतिमांमध्ये मूल्यात १००० मिळवलेले असतात, म्हणून ते वजा करून मगच १०,००० ने भागून परावर्तन काढलं आहे. ही वजाबाकी राहून गेली तर गुणोत्तर दबतं आणि जुन्या-नव्या तारखा जुळतच नाहीत. पिक्सेल २० मीटरचे, त्यामुळे बांधालगतचे सगळे सोडले आहेत.

जमिनीवर स्पॅड मीटरची (पानाचा हिरवेपणा मोजणारं हातातलं उपकरण) वाचनं आहेत, मधली शीर टाळून वरच्या पूर्ण उघडलेल्या पानांवर घेतलेली. काही पानांचा ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये अर्क काढून, त्यातल्या हरितद्रव्याशी स्पॅडचं वक्र समीकरण बसवलं आहे. (सरळ रेषा गडद पानांत कमी अंदाज देते.)

अडचण अशी: सीआय हा पानातल्या हरितद्रव्यापेक्षा पर्णक्षेत्र गुणिले हरितद्रव्य यालाच जास्त प्रतिसाद देतो. विरळ पण हिरवंगार पीक आणि दाट पण पिवळट पीक, दोन्हींचं मूल्य सारखंच येतं. फुटव्यांच्या अवस्थेत मातीही मिसळते.

टीसीएआरआय/ओएसएव्हीआय (हरितद्रव्याचा निर्देशांक भागिले मातीचा परिणाम कमी करणारा निर्देशांक) बी३, बी४, बी५, बी८ए वर चालवावा, की पर्णक्षेत्र निर्देशांक वेगळा मोजून भागाकार करावा? की थेट प्रोसेल मॉडेल (पान आणि पिकावरून प्रकाश कसा परावर्तित होतो याचं मॉडेल) उलटवणं, म्हणजे परावर्तनावरून हरितद्रव्य काढणंच बरं? ज्यांनी शेतातल्या मोजमापांशी पडताळलं आहे त्यांनी पट्टे, पिकाची अवस्था आणि आलेली चूक यांसह सांगावं.