बुद्धिबळातल्या किंग्ज गॅम्बिटसमोर काळ्याने प्यादं जपावं की परत द्यावं?

धागाकर्ता: १.ई४ ई५ २.एफ४, म्हणजे किंग्ज गॅम्बिट: हल्ल्यासाठी पांढरा एफ४चं प्यादं देऊ करतो (आकडा खेळीचा, तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी). समोरून हे आलं की मी इतके दिवस प्यादं मारायचो आणि ३.घोडा एफ३ वर जी५ खेळून ते जपत बसायचो. मग ४.एच४ जी४ ५.घोडा ई५ झालं की राजाच्या बाजूचं कुंपणच मोडून पडायचं. आता माझं मत पक्कं आहे: ३...डी५ खेळा. ४.ई४चं प्यादं डी५ मारतं, आपण घोडा एफ६. पुढे ५.उंट सी४, घोडा डी५ घेतो, ६.पांढऱ्याचा किल्लेकोट (राजा हत्तीआड सुरक्षित नेणारी खेळी), उंट ई७. सगळी मोहरी सरळ बाहेर येतात आणि लगेच आपलाही किल्लेकोट. ज्या हल्ल्यासाठी पांढऱ्याने प्यादं दिलं, तो हल्लाच उरत नाही.

एकपाऊल: अजिबात पटलं नाही. हातात आलेलं प्यादं परत द्यायचं, तर घ्यायचं कशाला? तुमच्याच ओळीत पुढे ७.उंट डी५वर मारतो, वजिराने परत मारलं की ८.घोडा सी३. वजीर पळवावा लागतो, मग डी४, आणि एफ४चं प्यादंही जातं. पांढरा खुशीत.

१९६०मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे अमेरिकन ग्रँडमास्टर बॉबी फिशर सोव्हिएत ग्रँडमास्टर स्पास्कीकडून हरला, तो तुम्ही सांगताय त्याच ५.घोडा ई५च्या डावात. पण त्याने प्यादं जपणं सोडलं नाही, फक्त क्रम बदलला. १९६१च्या लेखात त्याने ३...डी६ सुचवलं. आधी ई५ घर बंद. मग ४.डी४ जी५ ५.एच४ जी४ झालं तरी घोड्याला ई५ मिळत नाही, बहुतेकदा तो जी१ला परततो. राजाच्या बाजूचं कुंपण मोडलं तर आपला राजा वजिराच्या बाजूला जाऊ शकतो.

धागाकर्ता: वजीर एक खेळी गमावतो हे मान्य. पण पांढऱ्याने त्यासाठी पांढऱ्या घरांचा उंट दिला, आणि उंटांची जोडी आपल्याकडे राहिली. तो हिशेब तुम्ही सोडलात. शिवाय समोरच्याने ३.घोडा एफ३ऐवजी ३.उंट सी४ खेळलं तर? तिथे घोडा एफ३वर आलेलाच नाही, मग ई५ कोणापासून राखायचं? खुद्द फिशरने १९६३मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर इव्हान्सविरुद्ध पांढऱ्याकडून तोच उंट काढला आणि जिंकला. माझी पद्धत तिथेही चालते: घोडा एफ६, ४.घोडा सी३ सी६, आणि पाठोपाठ डी५.

शांतउंट: दोघेही एफ४चं प्यादं मारूनच बोलताय. मी २...उंट सी५ खेळतो. जी१वर उंटाची नजर, त्यामुळे पांढऱ्याचा किल्लेकोट अडतो. आणि घाईने ३.एफचं प्यादं ई५ मारलं की वजीर एच४ शह! ४.जी३ला वजीर ई४ मारून हत्तीवर येतो, ४.राजा ई२ला वजीर ई४ आणि थेट मात.

एकपाऊल: तो सापळा तुम्हाला किती वेळा मिळणार? पांढरा ३.घोडा एफ३ डी६ ४.सी३ खेळतो, पुढे डी४ आला की तुमचा उंट मागे हटतो आणि मधली घरं त्याची.

शांतउंट: ४.सी३वर मी घोडा एफ६ काढतो, ई४वर दाब येतो. डी४ खेळायच्या आधी त्याला ते प्यादं सांभाळावं लागतं.

एकपाऊल: ठीक, तिथे उत्तर आहे. आणि ३.उंट सी४वर घोडा एफ६ हेही धागाकर्त्याकडून घेतो. पण ३.घोडा एफ३वर माझं डी६च. बरोबरी साधायला नाही, मी काळ्याकडून जिंकायला बसतो.