बाबांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, कानाचं मशीन घ्यावं का?

सायली_इचल
नमस्कार मंडळी, बाबा ६८ वर्षांचे आहेत, सगळी हयात इचलकरंजीत यंत्रमागावर गेली, आता घरीच असतात. टीव्हीचा आवाज वाढतच चाललाय आणि फोन आला की न बोलता आईच्या हातात देतात. मला कोडं हे पडलंय की शेजारचे काका बोलले तर सगळं कळतं, आणि माझी मुलगी समोर बसून बोलली तरी "काय? काय?" चालू असतं. बरं जरा मोठ्याने बोललं की "ओरडतेस कशाला" म्हणून चिडतात. आईने सातला ये म्हटलं तर आठला उगवतात, मग घरात वादावादी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं, मळ नाही, पडदा शाबूत आहे, "नस कमजोर झालीय, मशीन लावा" एवढंच सांगितलं. भावाने ऑनलाइन एक स्वस्तातलं मशीन मागवलं होतं, ते थोडे दिवस लावून कपाटात पडलंय, म्हणतात नुसता भांड्यांचा खणखणाट येतो. ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) ५०० ला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५, ४००० ला ७५ आणि ८००० ला ६५ असं आहे, दोन्ही कान जवळपास सारखेच. याचा अर्थ काय? ऑपरेशनने बरं होतं का?

श्रवण_कोल्हापूर
सायलीताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवून देणारा. तुमचं कोडं त्या आकड्यांतच सुटतंय. वरचे ५००, १००० हे आवाजाची पट्टी सांगतात, हर्ट्झमध्ये, आणि त्यासमोरचा आकडा म्हणजे तो आवाज किती डेसिबल केला तेव्हा बाबांना जेमतेम ऐकू आला. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी, आणि रिपोर्टच्या आलेखात रेघ तितकी खाली. खालच्या पट्टीत बाबांचं फार गेलेलं नाही, वरच्या पट्टीत खूप गेलंय. आपल्या बोलण्यातले आ, ओ, ऊ असे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, त, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत, आणि शब्दाचा अर्थ व्यंजनांवरच ठरतो. म्हणून "सात" मधला स गळाला की उरलेलं "आठ" सारखंच ऐकू येतं. बाबा दुर्लक्ष करत नाहीयेत, त्यांच्यापर्यंत शब्द अर्धाच पोचतोय. पुरुषांचा आवाज खालच्या पट्टीतला म्हणून काका कळतात, लहान मुलीचा आवाज बारीक म्हणून निसटतो.

४००० ला सगळ्यात खोल खड्डा आणि ८००० ला थोडं वर, ही खूण बहुतेक वेळा मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्याची असते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज ८ तास, एवढं कान खराब व्हायला पुरे होतं, आणि मागाच्या शेडमध्ये त्याहून जास्तच असतो. आतल्या कानात, म्हणजे कॉक्लियात, बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. हाडावर यंत्र ठेवून केलेल्या टेस्टची रेघही तेवढीच खाली असेल तर दोष आतल्या कानात आहे, आणि मेलेल्या पेशी ऑपरेशनने किंवा औषधाने परत येत नाहीत. (पडदा फाटलाय, कान वाहतोय, मधल्या कानातलं हाड घट्ट झालंय असं असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, ते प्रकरण वेगळं.) ओरडल्यावर चिडण्याचंही कारण आहे, या पेशी गेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही पण मोठा आवाज एकदम टोचायला लागतो, मधली जागाच कमी होते. स्वस्तातलं मशीन सगळंच सरसकट वाढवतं, म्हणून भांडी आधी येतात. रिपोर्टप्रमाणे प्रोग्राम केलेलं डिजिटल मशीन जिथे गेलंय तिथेच वाढवतं आणि मोठा आवाज आवरतं. दुकानदार चॅनेल किती (म्हणजे आवाजाच्या किती पट्ट्या वेगवेगळ्या वाढवता येतात) ते सांगून महाग मशीन गळ्यात मारतात, त्यात अडकू नका. ट्रायल देतात का आणि नंतर सेटिंग बदलून देतात का ते आधी विचारा.

अण्णा_मिरज
मी स्वतः दोन्ही कानांना मशीन लावतो. बाबांना आधीच सांगून ठेवा की सुरुवातीला पंखा, प्लास्टिकची पिशवी, स्वतःच्या चपला सगळं मोठं ऐकू येईल, मेंदूला त्याची सवय राहिलेली नसते. पहिल्यांदा घरात शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना लावायचं, मग टीव्ही, लग्नकार्य बाजार सगळ्यात शेवटी. पण रोज लावायचं, कार्यक्रमापुरतं लावणाऱ्याला कधीच जमत नाही. तपकिरी स्टिकरचा ३१२ नंबर सेल असेल तर साधारण आठवडाभर जातो, स्टिकर काढून मिनिटभर उघडा ठेवायचा मग घालायचा. पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने मशीन बंद पडतं, रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आणि कानात तेल घालू नका, कोणी कितीही सांगू दे. घरच्यांनीही एक करावं, स्वयंपाकघरातून हाका मारत बसू नये, समोर येऊन तोंड दिसेल असं सावकाश बोलावं, ओरडून ओठांचा आकार बिघडतो आणि मग काहीच कळत नाही.

मीनल_ठाणे
पैशांचं बघायचं असेल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ च्या वरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र वगैरेसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात येतात, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत लागतं. तेवढ्यात चांगलं मशीन येत नाही पण हातभार लागतो. दिव्यांग सर्टिफिकेट मात्र बाबांच्या या आकड्यांवर मिळणार नाही, कायद्याप्रमाणे बोलण्याच्या पट्ट्यांत दोन्ही कानांत सरासरी निदान ६० डेसिबल लागतं. मुंबईला येणं जमत असेल तर बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे तपासणी आणि मशीनची फिटिंग दोन्ही होतं.

अजून एक, विषय थोडा वेगळा पण सगळ्यांनी लक्षात ठेवा. एका दिवसात अचानक एक कान बंद झाला तर सर्दी असेल, पाणी गेलं असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे पळा. त्यात स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त. माझ्या मामांनी महिना घालवला आणि तो कान गेला तो गेलाच.

सायली_इचल
सगळ्यांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं तर ती रडायलाच लागली, इतकी वर्षं तिला वाटायचं मुद्दाम करतात. एकच विचारते, बाबा म्हणतात एकाच कानाला घेऊ. चालेल का?

श्रवण_कोल्हापूर
दोन्ही कान सारखे आहेत त्यामुळे दोन घेतलेली बरी, आवाज कुठून येतोय ते कळतं आणि चार माणसांत बोलणं समजायला सोपं जातं. बजेट एकाचंच असेल तर स्पीच टेस्ट करून ज्या कानाने शब्द जास्त बरोबर ओळखतात त्याला लावा, दुसरं नंतर घेता येतं. आणि खालची पट्टी चांगली आहे म्हणून भोकांचा मऊ डोम (कानात जाणारी रबरी टोपी) बसतोय का ते विचारा, कान पूर्ण बुजला तर स्वतःचाच आवाज घुमतो आणि पहिल्याच आठवड्यात मशीन परत कपाटात जातं.