फार्न्सवर्थ हाउस: घर म्हणून पास की नापास?

भिंतीला_कान
अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोपासून तास-दीड तासावर, प्लानो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी हे घर आहे. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहंनी 1951 साली पूर्ण केलं. पांढरे पोलादी खांब आठ, चारी बाजूंनी काच, आत एकच खोली. आर्किटेक्चरच्या कॉलेजांत याला डोक्यावर घेऊन नाचतात. माझ्या मते दिसायला देखणं, राहायला नापास. उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही एका टोकाला, खाली. काच एकेरी, म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत काचेवरून पाण्याचे ओघळ. कपड्यांचं कपाटसुद्धा मूळ आराखड्यात नव्हतं, नंतर करून घ्यावं लागलं. मालकीण एडिथ फार्न्सवर्थ किडनीच्या डॉक्टर. खर्च 74 हजार डॉलरच्या आसपास गेला आणि प्रकरण कोर्टात पोचलं. वर हे घर पूररेषेत!

कोपरा_बाल्कनी
असहमत. बाईंना कोणी फसवलं नव्हतं. 1947 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात याचं मॉडेल मांडलं होतं, काय बांधलं जाणार हे जगाला माहीत होतं. कोर्टात आधी गेले तेही मीसच, थकलेल्या पैशांसाठी. बाईंनी उलटा दावा लावला, निकाल मीसच्या बाजूने लागला. आणि घर इतकं असह्य होतं तर 1972 पर्यंत विकलं का नाही?

भिंतीला_कान
अहो, पैसे अडकले की माणूस सोसतो. आपल्याकडे गळक्या फ्लॅटमध्ये लोक जन्म काढतात, म्हणून बिल्डर थोर होत नाही. आणि मॉडेल बघून डास कळत नाहीत. शेवटी बाहेरच्या छपराखालच्या ओट्याला जाळी लावावी लागली. पुढच्या मालकाने ती काढली, पण त्याच्याकडे राहायला दुसरी घरं होती.

नेपरव्हिलकर
जवळच राहतो, पाहुणे आले की तिकडे नेतो. फोटो बघून भांडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. खांब आणि वरची तुळई कुठे जोडलीत ते शोधा. बोल्ट नाही, वेल्डची रेघ नाही, सगळं घासून वर पांढरा रंग दिलेला. दुसरं, बाहेरच्या ओट्याला उतार नाही. पावसाचं पाणी ट्रॅव्हर्टिन दगडाच्या लाद्यांमधल्या फटींतून खालच्या खडीत उतरतं, म्हणून पृष्ठभाग अगदी सपाट राहतो. आपल्या गच्चीवर उतार काढूनही डबकं साचतं. याला नुसता दिखाऊपणा म्हणणं पटत नाही. मात्र ऑगस्टमध्ये आत घाम फुटतो, हेही खरं.

जुनी_पडवी
तुलनाच करायची तर अहमदाबादचं मनोरमा साराभाईंचं घर घ्या. वास्तुविशारद ल कोर्बुझिए, 1955. तोही काही कमी हट्टी माणूस नव्हता, पण छपरावर माती टाकून गवत लावलं, वारा आत खेळेल अशा समांतर भिंती घातल्या, मुलांसाठी वरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी घसरगुंडी दिली. आधुनिक म्हणजे हवामानाशी वैर, असं नसतं. मीसना इलिनॉयची हवा कळत नव्हती असं नाही, त्यांना ती महत्त्वाची वाटली नाही.

कोपरा_बाल्कनी
पुराचा मुद्दा अर्धवट आहे. घर जमिनीपासून सव्वापाच फूट उचललंय ते पुरासाठीच. नदीच्या वरच्या अंगाला वस्ती वाढली, डांबर-काँक्रीट वाढलं, पाणी जास्त यायला लागलं. त्याचं खापर मीसवर का?

भिंतीला_कान
1954 सालीच, म्हणजे तीनच वर्षांत, आत चार फूट पाणी होतं. तेव्हा कुठली आली डांबर-काँक्रीटची सबब? 1996 साली तर काचाही फुटल्या. आता म्हणे पूर आला की अख्खं घर जॅकवर उचलायचा विचार झाला होता.

नेपरव्हिलकर
झाला होता, आणि मला तोच बरा वाटतो. उंचावर हलवलं तर नदी आणि झाडांशी असलेलं नातंच तुटेल. 2003 च्या लिलावात वारसा संस्थांनी 75 लाख डॉलर मोजले, तेही घर दुसरीकडे उचलून नेलं जाऊ नये म्हणून. जागाच बदलायची तर ते पैसे कशाला घातले?