शब्दचर्चा: 'ग्रँट'ला दर वेळी अनुदानच म्हणायचं का?

वाटसरू: आयर्लंडमध्ये आयरिश भाषा, शाळेतली नाटकं आणि संगीतशिक्षण यांना सरकारी पैसा कसा मिळतो, यावर लेख लिहितोय. दर दुसऱ्या ओळीत 'अनुदान' येतंय. निधी, तरतूद, अर्थसाहाय्य आलटूनपालटून वापरले तर चालेल?

जुनीफाईल: नाही चालणार. तरतूद अर्थसंकल्पात होते. निधी म्हणजे विशिष्ट कामासाठी बाजूला काढलेला पैसा. त्यातून संस्थेला अटींसह, हिशेब देण्याच्या बोलीवर मिळतं ते अनुदान. उत्तर आयर्लंडमधला संघर्ष मिटवणाऱ्या १९९८च्या गुड फ्रायडे करारातून १९९९ साली 'फोरस न गेलगे' ही आयरिश भाषेची संस्था उभी राहिली. तिला डब्लिन (आयर्लंडचं सरकार) आणि बेलफास्ट (उत्तर आयर्लंडचं सरकार) दोघंही पैसे देतात; तीन वाटे डब्लिनचे, एक बेलफास्टचा, असा ढोबळ हिशेब. म्हणजे सरकारं फोरसला निधी पुरवतात आणि फोरस पुढे संस्थांना अनुदान देते. एवढा फरक पाळलात तरी लेख सुटसुटीत होईल.

कोकणकडा: संस्थेचं ठीक, पण घराला मिळालेल्या पैशाला काय म्हणणार? १९३०च्या दशकात गेल्टाख्तमध्ये, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यात, एक योजना सुरू झाली. घरात आयरिश बोलली जाते असं ठरलं, तर शाळकरी मुलामागे वर्षाला दोन पौंड. लोक त्याला नुसतं 'द्योंतस' म्हणत. आयरिशमध्ये ग्रँटला हाच शब्द आहे. शाळा तपासनीस येऊन मुलांशी बोलायचा आणि पास-नापास ठरवायचा. पुढे रक्कम बदलत गेली, २०११ साली योजना गुंडाळली. याला अनुदान म्हटलं की मला गॅस सिलिंडर आठवतो.

जुनीफाईल: सिलिंडरचं अनुदान म्हणजे सबसिडी, तो शब्द तिथे अडकून बसलाय खरा. तुमच्या उदाहरणात 'प्रोत्साहनभत्ता' बसेल. 'बक्षीस' म्हणू नका, बक्षीस एकदाच मिळतं. परीक्षेचा मुद्दा मात्र लेखात हवाच. घरात कोणती भाषा बोलायची याची सरकारी तपासणी, आणि ती मुलांच्या तोंडून!

वाटसरू: आणि लीफा, म्हणजे उत्तर आयर्लंडमधली आयरिश शिकणाऱ्यांसाठीची योजना? २०१६च्या नाताळच्या तोंडावर उत्तर आयर्लंडच्या खात्याने काटकसरीचं कारण देऊन पन्नास हजार पौंड कापले ते?

कोकणकडा: ती सरळ शिष्यवृत्ती. डोनेगलच्या गेल्टाख्तमध्ये उन्हाळी वर्गाला जायला पैशाची अडचण असलेल्यांना मदत. रक्कम किरकोळ, पण कळवणाऱ्या ईमेलच्या शेवटी नाताळच्या शुभेच्छा होत्या, त्याने लोक जास्त भडकले. जानेवारीत पैसे परत दिले, तोवर उत्तर आयर्लंडचे उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस राजीनामा देऊन मोकळे झाले होते आणि त्याने तिथलं संयुक्त सरकार कोसळलं. राजीनाम्याचं मुख्य कारण हीटिंग योजनेचा, म्हणजे इमारती तापवण्यासाठी दिलेल्या सरकारी पैशाचा घोटाळा, हे लिहायला विसरू नका. नाहीतर पन्नास हजारांवर सरकार पडलं असं वाचकाला वाटेल.

तानपुरा: संगीताचं वेगळंच. 'म्युझिक जनरेशन' हा मुलांच्या संगीतशिक्षणाचा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला तो यू-टू बँड आणि आयर्लंड फंड्स ही देणग्या गोळा करणारी संस्था यांच्या सत्तर लाख युरोंवर. प्रत्येक भागात सुरुवातीची काही वर्षं या पैशावर काम, मग शिक्षण खातं आणि स्थानिक भागीदार भार उचलणार, असा करार. पहिल्या पैशाला 'बीजभांडवल' म्हणावं का?

जुनीफाईल: आपल्याकडे बीजभांडवल म्हटलं की महामंडळाचं कर्ज, ते फेडावं लागतं. इथे 'देणगी' लिहा, आणि सरकारने भार घेतल्यापासून 'अनुदान'.

तानपुरा: आणि वाटसरू, नाटकाला 'बालनाट्य' लिहू नका. बालनाट्यात मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाटकही येतं. आयर्लंडच्या स्पर्धांत मुलं स्वतः आयरिशमधून उभी राहतात, पैसा मिळतो तोही भाषेच्या कारणाने. 'शालेय नाट्यस्पर्धा' पुरे.

वाटसरू: घेतलं. मग 'अर्थसाहाय्य' कुठे वापरू?

जुनीफाईल: नेमकं काय मिळालं ते तुम्हालाच कळलं नसेल तिथे.