रिमोटवर फटाके उडवायचे, घरी सर्किट बनवू का?

प्रश्न: भावांनो, शिवाजी पेठेत आमचं मंडळ हाय. दिवाळीला शॉट्स लांबनं रिमोटनं उडवायचा विचार चाललाय, गेल्या साली वात पेटवताना एका पोराचा हात भाजला म्हणून. इलेक्ट्रॉनिक्सचं थोडंफार येतंय. घरी बनवलेलं चालंल का?

उत्तर १: भावा, हेतू लै चांगला हाय पण घरी नको. मी रिपेरिंगचं काम करतो, स्वस्तातले रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालत्यात, त्याच फ्रिक्वेन्सीवर शेजारच्या गेटचा नाहीतर गाडीचा रिमोट असतोय, कुठलाही भलता सिग्नल पकडला आणि तू वायर जोडताना वाकलेला असशील तर तोंडावरच उडंल. व्यावसायिक लोकं फायरिंगची (म्हणजे फटाके उडवणाऱ्या यंत्राची) चावी स्वतःच्या खिशात ठेवत्यात, सगळे लांब गेल्याशिवाय लावतच न्हाईत.

उत्तर २: बरोबर. मोठा शो करायचा असंल तर परवानाधारक माणूसच बोलवा. स्फोटकांचा कायदा १८८४ चा हाय, नियम २००८ चे, आणि रात्री १० नंतर आवाजाचे फटाके न्हाईत. वाती काढून, दारू उकरून काही जोडायला तर अजिबात जाऊ नका.

उत्तर ३: हात भाजायचं कारण बहुतेक जवळनं पेटवणं. लांब काठीला उदबत्ती बांधा, सुती कपडे, पाण्याची बादली जवळ, फुसका गेलेल्याला लगेच हात न्हाई, थांबून पाणी ओता. तुझी सर्किटची हौस आकाशकंदिलाच्या एलईडी माळेवर भागव, संगीताच्या तालावर पळणारी माळ कर, पेठ बघत बसंल!